लिंबू कॉलरला, जस्त गालाला

ताई, नमस्कार. मी चाळिशी ओलांडलेली. राहते बडोद्याच्या दांडिया बाजारात, नोकरी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, हिशेबाच्या खात्यात. सकाळी साडेनऊला ऍक्टिवा काढते, संध्याकाळी साडेपाचला परत निघते. लेकीच्या वेळी गालांवर वांग आला तो गेलाच नाही, आणि डाव्या गालावर तर जास्तच गडद झालाय. ओढणी तोंडाभोवती गुंडाळून बुकानी बांधते, सनस्क्रीन लावते, तरीही.

घरात आता तीन ट्यूबा झाल्यात. पहिली मेडिकलवाल्याने दिलेली, एसपीएफ ५०. दिवाळीला घेतली, होळी आली तरी चालूच आहे. दुसरी नणंदबाईंनी पुण्याहून आणली. म्हणाल्या, ‘वहिनी, ते केमिकल तोंडाला फासू नकोस, रक्तात जातं. ही मिनरल आहे.’ ती लावली की मी भस्म फासल्यासारखी दिसते. ऑफिसात विचारतात, बरं नाही का. तिसरी माझ्या सतरा वर्षांच्या लेकीने मागवलेली, पाण्यासारखी पातळ, पण तिच्यावरची नावं वाचताना जीभ अडखळते. लेकीला मुरमं आहेत आणि ती क्रिकेट खेळते. घामाबरोबर डोळ्यांत उतरून चुरचुरतं म्हणून लावायचा कंटाळा करते. सासूबाईंचं म्हणणं, साय नि लिंबू लावा, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?

तिन्ही ट्यूबांवरचं बारीक अक्षर उतरवून पाठवते आहे. मिनरल चांगलं की केमिकल? आणि पहिल्या ट्यूबमुळे माझ्या पांढऱ्या कुर्त्यांच्या कॉलरला धुतल्यावर केशरी डाग पडतात, ते कशाने?

— तीन ट्यूबांची मालकीण, दांडिया बाजार

*

नमस्कार. ट्यूबेच्या पाठीवरचं अक्षर उतरवून काढणारी वाचक मला क्वचितच भेटते. मी आयुष्यभर फार्मसीच्या पोरांना मलमं घोटायला शिकवलं. त्यांच्यातसुद्धा लेबल शेवटपर्यंत वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा तुमच्या कागदाला मी मनापासून वेळ दिलाय.

आधी डावा गाल, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. दांडिया बाजाराहून मकरपुऱ्याला जायचं म्हणजे तोंड दक्षिणेला. सकाळी पूर्व तुमच्या डाव्या हाताला. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला, म्हणजे पश्चिमही डाव्याच हाताला. दोन्ही वेळा सूर्य एकाच गालावर येतो. नोकरी गावाच्या उत्तरेला असती तर उजवा गाल काळवंडला असता.

आता वेळ बघा. उन्हातले यूव्हीबी किरण कातडी भाजतात आणि त्यांचा जोर भर दुपारी. यूव्हीए किरण भाजत नाहीत, म्हणून कळतही नाहीत. पण ते सकाळपासून मावळतीपर्यंत बऱ्यापैकी असतात, ढगांतून येतात, खिडकीच्या काचेतूनही येतात, आणि रंगद्रव्य वाढवण्यात त्यांचा मोठा हात आहे. तुमच्या जाण्यायेण्याच्या वेळा त्यांच्याच. एसपीएफचा आकडा मात्र मुख्यतः यूव्हीबीचा हिशेब सांगतो. प्रयोगशाळेत एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० सुमारे ९८, म्हणजे फरक एका टक्क्याचा. यूव्हीएचा हिशेब खोक्यावर ‘पीए’ आणि त्यापुढच्या अधिकच्या चिन्हांत असतो. ही जपानची पद्धत, चार चिन्हं म्हणजे सगळ्यात वरची पायरी. तुमच्या पहिल्या ट्यूबवर ‘पीए’ कुठेच नाही. मी तुमचा कागद दोनदा तपासला.

वांगाला तिसराही एक शत्रू आहे, आणि त्याचं नाव दुकानात कुणी काढत नाही. डोळ्यांना दिसणारा उजेड, त्यातही जांभळा-निळा भाग, आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत रंग चढवतो. गोऱ्या कातडीत तो हे काम फारसं करत नाही. म्हणून कुठलीही ट्यूब हातात घेतली की मी तिला तीन गोष्टी विचारते: यूव्हीबी कोण अडवणार, लांबचा (म्हणजे लांब तरंगलांबीचा) यूव्हीए कोण अडवणार, आणि उजेड कोण अडवणार. मिनरल की केमिकल, हा प्रश्न त्यानंतरचा. खरं सांगायचं तर तो बराचसा जाहिरातवाल्यांनी लावून दिलेला आहे.

चला, पहिली ट्यूब. एथिलहेक्सिल मेथॉक्सीसिनामेट, म्हणजे ऑक्टिनोक्सेट. ब्यूटाइल मेथॉक्सीडायबेंझॉइलमिथेन, म्हणजे ऍव्होबेंझोन. बेंझोफेनोन-३, म्हणजे ऑक्सिबेंझोन. जुनी, स्वस्त, आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेली जुळणी. यात यूव्हीबीचं काम ऑक्टिनोक्सेटचं, लांबच्या यूव्हीएचं ऍव्होबेंझोनचं. ऍव्होबेंझोन गुणी आहे, पण नाजूक; उन्हात स्वतःच मोडतं. त्याला सांभाळणारा जोडीदार लागतो, ऑक्टोक्रिलीनसारखा. तुमच्या ट्यूबमध्ये जोडीदार म्हणून बसवलंय ऑक्टिनोक्सेटला, आणि त्या दोघांचं उन्हात पटत नाही. प्रकाश पडला की एकमेकांशी रासायनिक झटापट होते आणि दोघंही खर्ची पडतात. सकाळी घरातून निघताना बरोबर असलेला पहारेकरी मकरपुऱ्याला पोचेपर्यंत थकलेला, आणि संध्याकाळी तर तो नसतोच.

कॉलरचे केशरी डागही ऍव्होबेंझोनचेच. पाण्यात लोह असेल, बोअरच्या पाण्यात बहुधा असतं, तर ते ऍव्होबेंझोनशी जोडी जमवून गंजासारखा रंग देतं. म्हणून धुतल्यावर डाग उठतो, आधी दिसत नाही. आणि आपण बायका काय करतो? डाग दिसला की ब्लीच. त्याने तो आणखी पक्का होतो. डागावर लिंबाचा रस नाहीतर लिंबूसत्व चोळा, तासभर ठेवा, मग धुवा.

लिंबाचा विषय निघालाच आहे तर सासूबाईंचं उत्तर इथेच देते. लिंबू कॉलरला लावा, गालाला नको. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, असे पदार्थ असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी अक्षरशः भाजते आणि मागे महिनोनमहिने राहणारे काळे डाग सोडते. वांगावर लिंबू लावून ऍक्टिवावर बसणं म्हणजे आगीत तेल. साय रात्री लावायला माझी काही हरकत नाही. मऊ करते, बाकी काही नाही. सासूबाईंच्या वेळी बायका उन्हात रोज बारा-पंधरा किलोमीटर गाडी हाकत नव्हत्या, हेही त्यांना गोडीत सांगता आलं तर सांगा.

आता नणंदबाई. त्यांचं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी २०१९ आणि २०२० साली तपासलं, तेव्हा ऍव्होबेंझोन, ऑक्सिबेंझोन, ऑक्टोक्रिलीन वगैरे घटक खरोखरच रक्तात सापडले. मिलिलिटरला अर्ध्या नॅनोग्रॅमच्या रेषेच्या वर. पण ती रेषा ‘इथून पुढे सुरक्षिततेच्या आणखी चाचण्या द्या’ अशी आहे, ‘इथून पुढे विष’ अशी नाही. शिवाय पहिल्या चाचणीत लोकांनी अंगाच्या पाऊण भागावर दिवसातून चार वेळा क्रीम थापलं होतं. तुम्ही चेहऱ्यालाच धड लावत नाही, त्यावर येतेच. त्याच प्रशासनाने २०१९ साली झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या दोघांनाच सुरक्षित आणि परिणामकारक मानायचा प्रस्ताव मांडला, बाकी बऱ्याच घटकांची माहिती अपुरी म्हटली. युरोपने ऑक्सिबेंझोन चेहऱ्याच्या क्रीममध्ये ६ टक्क्यांवर आणून ठेवलं. हवाई बेटांनी प्रवाळांच्या काळजीने ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनोक्सेटची विक्री १ जानेवारी २०२१पासून बंद केली. आपल्या विश्वामित्री नदीत प्रवाळ नाहीत, मगरी आहेत, पण ऑक्सिबेंझोनने काहींना ऍलर्जी येते हे बडोद्यालाही लागू. मला विचाराल तर गरोदर बाईने आणि लहान मुलांनी झिंक लावावं, आणि बाकीच्यांनी ऑक्सिबेंझोन तेवढं टाळून निवांत राहावं.

‘केमिकल’ या शब्दाची भीती मात्र आपल्या गावाने तरी बाळगू नये. कोयलीची रिफायनरी, नंदेसरीचे कारखाने. अर्ध्या बडोद्याची चूल केमिकलवर पेटते. आणि झिंक ऑक्साइड तरी काय झाडाला लागतं? जस्त तापवून त्याची वाफ करायची, ती हवेत जाळायची, की पांढरी भुकटी. तो कारखान्याचाच माल आहे, आणि चांगला माल आहे.

त्यांच्या ट्यूबचं लेबल आता बघू. टायटॅनियम डायऑक्साइड, ब्यूटाइलऑक्टिल सॅलिसिलेट, मग बरंच खाली झिंक ऑक्साइड. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापायचे असतात. म्हणजे टायटॅनियम भरपूर, जस्त शेपटाला. इथेच घोळ आहे. टायटॅनियम डायऑक्साइड यूव्हीबी छान अडवतं, पण लांबच्या यूव्हीएवर त्याची पकड ढिली. ती पकड झिंक ऑक्साइडची, जवळजवळ ३८० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत. पांढरेपणातही टायटॅनियम पुढे. ते उजेड झिंकपेक्षा कितीतरी जोरात फाकवतं, म्हणून तर भिंतीच्या पांढऱ्या रंगात तेच घालतात. गव्हाळ गालावर ते राखाडी-जांभळट दिसतं. तुम्हाला भस्म मिळालं आणि हवं होतं ते संरक्षण थोडंच मिळालं.

तिथलं ब्यूटाइलऑक्टिल सॅलिसिलेट हे तर गमतीचं प्रकरण. ते अधिकृत सनस्क्रीन घटकांच्या यादीत नाही, क्रीम नीट पसरवायला घालतात असं म्हणतात, पण रचनेने ते ऑक्टिसॅलेट या ‘केमिकल’ घटकाचं सख्खं चुलत भावंड आहे आणि यूव्हीबी शोषतंही. म्हणजे ‘शंभर टक्के मिनरल’च्या घरात केमिकल भाडेकरू. वाईट नाही, फक्त नणंदबाईंना हळूच दाखवा. आणखी एक: मिनरल आरशासारखं ऊन परतवतं आणि केमिकल ते शोषतं, असं जे सगळीकडे सांगतात ते बरंचसं चूक आहे. झिंक नि टायटॅनियमसुद्धा यूव्ही मुख्यतः शोषूनच अडवतात. परतवतात तो थोडाच. दोन्ही जातींचं काम एकच, कपडे वेगळे.

तिसरी ट्यूब, जीभ अडखळवणारी. बिस-एथिलहेक्सिलऑक्सीफिनॉल मेथॉक्सीफिनाइल ट्रायझिन. याचं लाडकं नाव बेमोट्रिझिनॉल. डायएथिलअमिनो हायड्रॉक्सीबेंझॉइल हेक्सिल बेंझोएट. एथिलहेक्सिल ट्रायझोन. तिन्ही ‘केमिकल’, आणि तुमच्या घरातलं सगळ्यात चांगलं लेबल हेच. बेमोट्रिझिनॉल यूव्हीबी आणि यूव्हीए दोन्हींवर काम करतं, उन्हात टिकतं, आणि रेणू एवढा थोराड की कातडीतून आत शिरणं त्याला जड जातं. दुसरं लांबचा यूव्हीए सांभाळतं आणि ऍव्होबेंझोनसारखं मोडत नाही. तिसरं यूव्हीबीचं. लेकीने निवडताना कॉलेजातल्या कुणाचं ऐकलं असेल. ऐकलं ते बरं ऐकलं.

पण या ट्यूबमध्येही उजेड अडवणारा कोणी नाही, आणि तुमच्या वांगाला तो हवा. त्याचं नाव आयर्न ऑक्साइड, साधा गंजाच्या जातीचा रंग. लेबलावर तो सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ अशा आकड्यांत लपलेला असतो. लाल, पिवळा, काळा. कॅलामाइन लोशन गुलाबी का असतं, ठाऊक आहे? पांढऱ्या झिंक ऑक्साइडमध्ये चिमूटभर हाच लाल. (पण म्हणून कॅलामाइन सनस्क्रीनऐवजी लावू नका, ते त्या मापाने बनवलेलं नसतं.) वांगावर उपचार घेणाऱ्या बायकांच्या अभ्यासांत, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन लावणाऱ्यांना नुसतं यूव्ही अडवणारं लावणाऱ्यांपेक्षा जास्त फरक पडला. या रंगाने भस्मही झाकलं जातं. एका दगडात दोन पक्षी.

तेव्हा तुम्ही असं करा. लेकीची ट्यूब आधी, ती सुकली की वरून तुमच्या रंगाशी जुळणारी टिंटवाली सनस्क्रीन किंवा ते तिन्ही आकडे असलेलं फाउंडेशन, डाव्या गालावर जरा सढळ हाताने. दोन थर नको असतील तर टिंटवाली एकच घ्या, जिच्यात झिंक यादीच्या वरच्या भागात आहे आणि ‘पीए’ची चार चिन्हं आहेत. रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पारखू नका; जबड्याच्या कडेला ठिपका लावून रस्त्यावर या आणि उन्हात बघा. स्प्रे आणि भुकटीच्या भानगडीत तोंडासाठी पडू नका, बारीक कण छातीत कशाला न्यायचे.

आता ते दिवाळी-होळीचं. तुमची ट्यूब ५० ग्रॅमची असणार. चेहरा आणि मान मिळून तर्जनी नि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा ओढाव्यात एवढं लागतं, सुमारे एक ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ धरलं तर ट्यूब पंचवीस दिवसांत संपायला हवी. तुमची चार महिने पुरली! म्हणजे तुम्ही हळदीकुंकवाचं अत्तर लावावं तशी लावत होतात. खोक्यावरचा ५० तुमच्या गालावर दहासुद्धा नसेल. महागडी ट्यूब जपून लावण्यापेक्षा स्वस्तातली, पण नीट जुळणीची, सढळ लावलेली कधीही बरी. आणि संध्याकाळी पाचला ऑफिसात तोंड धुऊन पुन्हा लावा. सकाळचा थर साडेपाचला कामाचा नसतो. हा एक बदल केलात तरी परतीच्या वाटेवरचा गाल वाचेल.

बुकानी बांधताच आहात, ती सोडू नका, पण ओढणी एकदा खिडकीसमोर धरून बघा. पलीकडचं स्वच्छ दिसत असेल तर किरणांनाही रस्ता स्वच्छ आहे. घट्ट विणीची, गडद रंगाची सुती ओढणी घ्या. सनस्क्रीन लावून दहा-पंधरा मिनिटं थांबून मग बांधा, नाहीतर अर्धं क्रीम ओढणी पिते. आणि आरशात बघा, बुकानी संपते तिथून गॉगल सुरू होईपर्यंत गालाच्या हाडावर एक पट्टी उघडी राहते. वांग नेमका तिथेच आहे ना?

लेकीला तिची ट्यूब परत करा, स्वतःसाठी तसलीच दुसरी आणा. पातळ, तेलकट नसलेली, मुरमांना तीच ठीक. डोळ्यांभोवती आणि कपाळावर भुवयांच्या वर मात्र तिने झिंकची कांडी फिरवावी. ती घामात सहज वाहत नाही आणि डोळ्यांत फारशी चुरचुरत नाही. दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज ऍलन डोनाल्ड गालाला पांढरे पट्टे ओढून धावत यायचा ते झिंकच. सतरा वर्षांच्या मुलीला आईने सांगितलेलं पटणार नाही, डोनाल्डचा फोटो दाखवा.

पहिल्या ट्यूबमध्ये ऑक्सिबेंझोन आहे; त्याची ऍलर्जी येत नसेल तर ती हातापायांना लावून संपवा, पांढरे कपडे सांभाळून. घरात कुणी गुडघ्याला कीटोप्रोफेन या वेदनाशामकाचं जेल चोळत असेल तर त्या माणसाने ऑक्टोक्रिलीन असलेलं सनस्क्रीन लावू नये. त्या दोघांची ऍलर्जी उन्हात एकमेकांना हाक मारते.

एक गोष्ट गंभीरपणे. सनस्क्रीन वांग वाढू देत नाही, पुसत नाही. पुसण्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्यांना सांगा, त्यांचाही संबंध असतो. मेडिकलवाला ‘गोरं करणारं’ म्हणून जे मलम काढून देतो त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते आणि सोडलं की वांग दुप्पट. माझ्याच नात्यातल्या एका मुलीने हे भोगलंय. तिच्या लग्नाच्या फोटोत ते दिसतं.

आपलं गाव कर्कवृत्ताच्या थोडं खाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तेव्हा सगळे जपतात. घोळ होतो तो उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला. थंडी असते, ऊन गोड लागतं, सकाळी सातपासून गच्चीवर, खाली चायना मोझेकची पांढरीफेक लादी, उजेड हनुवटीखालूनही वर येतो. त्या दिवशी दर दोन तासांनी लावायचं. पहिला थर बोटांना पट्ट्या गुंडाळायच्या आधी लावून घ्या, मांज्यासाठी बांधलेल्या बोटांनी क्रीम धड पसरत नाही. पुढचे थर नणंदबाईंकडून लावून घ्या. संक्रांतीला त्या येतच असतील, आणि पतंग काही त्यांना उडवता येत नसणार.